दाब आणि धारा मोजा, रोध आणि शक्ती काढा

इस्त्रीच्या मुठीखाली एक बारीक पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर '२३० व्होल्ट, १००० वॅट' असे छापलेले असते. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्यात आयटीआयच्या पहिल्या वर्षाची काही मुले संध्याकाळी शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात हीच इस्त्री देतो आणि विचारतो, की हिच्यातून धारा किती वाहत असेल आणि हिच्या आतल्या तारेचा रोध किती असेल. हे दोन आकडे पट्टीवर छापलेले नसतात, पण छापलेल्या दोन आकड्यांवरून ते अर्ध्या मिनिटात काढता येतात. दाब, धारा, रोध आणि शक्ती या चार राशींपैकी कोणत्याही दोन कळल्या, की उरलेल्या दोन हिशेबाने मिळतात. हा हिशेब कसा करायचा, तो स्वतः मोजून कसा पडताळायचा आणि तो कुठे फसतो, हे येथे क्रमाने सांगतो.

शब्द आणि दोन सूत्रे

वडोदऱ्यातील अनेक मराठी मुले गुजराती माध्यमातून शिकतात. त्यांना 'अवरोध' आणि 'विद्युतप्रवाह' हे शब्द माहीत असतात, मराठी पुस्तकात त्यांचीच नावे 'रोध' आणि 'विद्युतधारा' अशी येतात, आणि वायरमन दिवसभर 'करंट', 'लोड', 'व्होल्टेज' असे बोलत असतो. शब्दांच्या या सरमिसळीत मूळ गोष्ट हरवू नये, म्हणून आधी ती पक्की करून घेऊ. दाब म्हणजे विजेला तारेतून ढकलणारा जोर, आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. त्या जोरामुळे प्रत्यक्ष जो प्रवाह वाहतो ती धारा, तिचे एकक अँपिअर. वस्तू त्या प्रवाहाला जो अडथळा करते तो रोध, त्याचे एकक ओहम. आणि दर सेकंदाला जितकी ऊर्जा खर्ची पडते ती शक्ती, तिचे एकक वॅट. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, याच शहरात कलाभवन सुरू झाले आणि त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी कारागिरीचे शिक्षण लोकांच्या भाषेतून देण्याचा आग्रह धरला होता. त्या शहरात ही चार नावे आपल्या भाषेत सहज तोंडी यावीत, असे मला मनापासून वाटते.

जर्मनीतील शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम असा, की तापमान बदलले नाही तर धातूच्या तारेतील धारा ही तिच्या दोन टोकांमधील दाबाच्या प्रमाणात वाढते. त्यावरून

रोध = दाब ÷ धारा

हे पहिले सूत्र मिळते. दुसरे सूत्र असे :

शक्ती = दाब × धारा

आता इस्त्रीकडे वळू. शक्ती १००० वॅट आणि दाब २३० व्होल्ट, म्हणून धारा १००० ÷ २३० = ४.३५ अँपिअर. रोध २३० ÷ ४.३५ = ५२.९ ओहम. याच रीतीने २००० वॅटच्या गिझरची धारा ८.७ अँपिअर येते, आणि इस्त्री ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर चालते तर गिझरला १६ अँपिअरचा मोठा प्लग का लागतो, याचे उत्तर तिथेच मिळते.

पहिली मोजणी : ९ व्होल्टची बॅटरी आणि एक रोधक

घरातील २३० व्होल्टवर शिकायला सुरुवात करू नये. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तपकिरी, काळा, लाल आणि सोनेरी पट्ट्यांचा पाव वॅटचा एक रोधक (ठरावीक रोध असलेला छोटा भाग, म्हणजे रेझिस्टर), मगरचिमट्यांच्या दोन-तीन तारा आणि एक साधा मल्टिमीटर एवढे साहित्य पुरते. तपकिरी म्हणजे १, काळा म्हणजे ०, लाल म्हणजे पुढे दोन शून्ये. म्हणजे हा रोधक १००० ओहमचा आहे, आणि सोनेरी पट्टी सांगते, की खरा आकडा पाच टक्के इकडे किंवा तिकडे, म्हणजे ९५० ते १०५० यांच्या दरम्यान असू शकतो.

सर्वत्र मिळणाऱ्या स्वस्त मल्टिमीटरला तीन भोके असतात. 'कॉम' लिहिलेल्या भोकात काळी तार कायम ठेवावी. लाल तार मधल्या भोकात असली, की दाब, रोध आणि मिलिअँपिअरमधील लहान धारा मोजता येते. तिसरे भोक १० अँपिअरपर्यंतच्या धारेसाठी असते. रोधक बॅटरीला जोडावा, मीटरची कळ एकदिश (डीसी) दाबाच्या २० व्होल्टच्या खुणेवर आणावी, म्हणजे ज्या खुणेशेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ काढलेली असते त्या भागात, आणि दोन्ही टोके रोधकाच्या दोन पायांना टेकवावीत. येथे मीटर रोधकाला समांतर जोडला जातो आणि मंडल, म्हणजे विजेची पूर्ण वाट, कुठेही तोडावे लागत नाही. समजा, आकडा ९.१ आला.

धारा मोजताना मात्र मंडल तोडावेच लागते, कारण जी धारा मोजायची ती मीटरच्या पोटातून वाहिली पाहिजे. कळ २० मिलिअँपिअरवर न्यावी, बॅटरीच्या धन टोकाचा चिमटा सोडवावा, मीटरची लाल तार बॅटरीच्या धन टोकाला लावावी आणि काळी तार रोधकाच्या सुटलेल्या पायाला. आता समजा, ९.२ असा आकडा दिसला. हा ९.२ मिलिअँपिअर आहे, अँपिअर नव्हे, आणि नवशिक्यांची निम्मी उत्तरे येथेच चुकतात. हजाराने भागून ०.००९२ अँपिअर लिहावे आणि मगच सूत्रात घालावे : ९.१ ÷ ०.००९२ = ९८९ ओहम. शक्ती ९.१ × ०.००९२ = ०.०८४ वॅट. शेवटी बॅटरी पूर्ण सोडवावी, कळ घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या ओहमच्या खुणेवर २००० वर न्यावी आणि रोधकाचा रोध थेट मोजून हिशेबाशी ताडून पाहावा. बॅटरी जोडलेली असताना रोध कधीही मोजू नये. मीटर रोध मोजताना स्वतःच्या बॅटरीची बारीक धारा सोडत असतो आणि बाहेरचा दाब त्यात मिसळला, की आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

धारेची मोजणी संपताच कळ बंदवर आणण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. धारेच्या खुणेवर असलेल्या मीटरचा स्वतःचा रोध अगदी नगण्य असतो. तशा स्थितीत त्याची टोके दाब मोजायला म्हणून बॅटरीवर टेकवली, तर तो जवळजवळ सरळ शॉर्ट होतो. मधल्या भोकात तार असेल तर आतला बारीक फ्यूज उडतो. १० अँपिअरच्या भोकाला स्वस्त मीटरमध्ये बहुधा फ्यूजच नसतो, आणि तशी टोके घरच्या प्लगमध्ये गेली तर मीटर हातात फुटू शकतो.

याच ठिकाणी वॅटचा उपयोगही समजून घ्यावा. वरचा रोधक पाव वॅटचा होता आणि त्यात ०.०८४ वॅट उष्णता निर्माण झाली, म्हणून तो बोटाला फारसा कोमटही लागत नाही. तसाच पाव वॅटचा, पण १०० ओहमचा रोधक १२ व्होल्टच्या अडॅप्टरला लावला तर धारा ०.१२ अँपिअर आणि शक्ती १.४४ वॅट, म्हणजे त्याच्या ताकदीच्या जवळपास सहापट होते. काही सेकंदांत त्याच्या रंगीत पट्ट्या काळवंडतात आणि उग्र वास येतो. रोधक विकत घेताना दुकानदाराला ओहमबरोबर वॅटही सांगावे लागतात, ते यासाठी.

२३० व्होल्टला हात घालण्यापूर्वी

हाच हिशेब स्वतःच्या शरीराला लावून पाहावा. कोरड्या कातडीचा रोध बराच असतो, पण हात ओले असतील तर शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. घराच्या मुख्य बोर्डात माणसांच्या रक्षणासाठी बसवलेला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडतो, यावरून २३० हा आकडा किती भयंकर आहे ते कळेल. म्हणून नवशिक्याने घरच्या विजेची धारा उघड्या तारा जोडून मोजू नये. जाणकार क्लॅम्प मीटर वापरतात. त्याचा चिमटा तारेच्या वेष्टणाभोवती बसतो, तार कापावी लागत नाही. मात्र तो फेज किंवा न्यूट्रल यांपैकी एकाच तारेभोवती बसवायचा असतो. दोन्ही तारा एकत्र घेतल्या तर जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना खोडून काढतात आणि मीटर शून्य दाखवतो.

रोध वाढला तर उष्णता वाढते की कमी होते?

दरवर्षी कोणीतरी मूल हा प्रश्न विचारतेच, आणि तो विचारला गेला की मला फार बरे वाटते, कारण ते मूल आता सूत्रे नुसती पाठ करत नसते. पहिल्या दोन सूत्रांवरून शक्तीची आणखी दोन रूपे निघतात :

शक्ती = दाब × दाब ÷ रोध

शक्ती = धारा × धारा × रोध

पहिल्यात रोध खाली आहे, म्हणजे तो वाढला की शक्ती घटते. दुसऱ्यात तो वर आहे, म्हणजे तो वाढला की शक्ती वाढते. दोन्ही सूत्रे खरी आहेत. कोणते कधी वापरायचे हे ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या जागी स्थिर काय आहे, दाब की धारा?

घरातील प्रत्येक उपकरण थेट प्लगला लागते आणि प्लगमधील दाब जवळपास ठरलेला असतो. तेथे पहिले रूप चालते, आणि म्हणूनच २००० वॅटच्या गिझरचा रोध २६.५ ओहम, म्हणजे १००० वॅटच्या इस्त्रीच्या निम्मा असतो. पण उपकरणापर्यंत वीज नेणाऱ्या वायरचे तसे नसते. तिच्यातून किती धारा जाणार हे मुख्यतः पलीकडचे उपकरण ठरवते. वायरला ती मुकाट्याने वाहून न्यावी लागते. वायरला दुसरे रूप लागू पडते, आणि त्यात धारेचा वर्ग आहे.

याचा धडा मला आमच्या गल्लीतील गणपतीच्या मांडवात मिळाला. शेजारच्या घरातून वीज घेण्यासाठी ३० मीटर लांबीच्या एक्स्टेन्शनची चक्री आणली होती आणि मांडव जवळच असल्याने निम्म्याहून अधिक वायर चक्रीवर गुंडाळलेलीच राहिली होती. त्यावर ५०० वॅटचे दोन हॅलोजन संध्याकाळभर व्यवस्थित चालले. रात्री आरतीनंतर चहासाठी कोणीतरी २००० वॅटची विजेची शेगडी त्याच चक्रीला लावली. अर्ध्या तासाने प्लास्टिक तापल्याचा वास आला, आणि आम्ही चक्री उघडली तेव्हा आतले वेढे एकमेकांना चिकटून मऊ पडले होते. वरचा वेढा मात्र बोटाला नुसता कोमट लागत होता.

त्या रात्रीचा हिशेब असा मांडता येतो. वायर पाऊण चौरस मिलिमीटरची होती. तांब्याच्या अशा लवचीक वायरचा रोध हजार मीटरला सुमारे २६ ओहम असतो. वीज फेजमधून जाते आणि न्यूट्रलमधून परत येते, म्हणून ३० मीटरच्या वायरची लांबी ६० मीटर धरावी लागते, आणि हे विसरणे ही फार सामान्य चूक आहे. ६० मीटरचा रोध ०.०२६ × ६० = १.५६ ओहम. शेगडी आणि हॅलोजन मिळून ३००० वॅट, त्यांचा एकत्रित रोध २३० × २३० ÷ ३००० = १७.६३ ओहम; तो येथे स्थिर धरू. वायर आणि भार एकापाठोपाठ, म्हणजे एकसरी जोडलेले असल्याने रोधांची बेरीज होते : १९.१९ ओहम. धारा २३० ÷ १९.१९ = ११.९८ अँपिअर. वायरमध्ये पडणारा दाब ११.९८ × १.५६ = १८.७ व्होल्ट, म्हणून मांडवात २३० ऐवजी २११ व्होल्टच पोहोचत होते आणि ३००० वॅटच्या जागी सुमारे २५३० वॅटच मिळत होते. खुद्द वायरमध्ये ११.९८ × ११.९८ × १.५६ = २२४ वॅट उष्णता निर्माण होत होती. ३० मीटर वायर मोकळी पसरलेली असती तर मीटरला साडेसात वॅट आले असते, आणि ते हवेत निघूनही गेले असते. पण निम्म्याहून अधिक वायर ताटाएवढ्या चक्रीत कोंडलेली होती, तेव्हा तिच्या आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर जाणार कुठून? नुसते हॅलोजन होते तेव्हा धारा साडेचार अँपिअरच्याही आत होती आणि त्याच वायरमध्ये तीस वॅटदेखील निर्माण होत नव्हते. धारा तिपटीहून थोडी कमी वाढली, उष्णता जवळपास आठपट झाली.

तेव्हापासून आमच्याकडे चक्री पूर्ण उलगडल्याशिवाय तिला भार लावत नाहीत. नवी वायर घेतानाही दुकानात आधी लांबी सांगण्याऐवजी एकूण वॅट काढून धारा काढावी आणि ती धारा सांगून वायर मागावी.

बल्बची गंमत आणि पंख्याची अडचण

ओहमच्या नियमातील 'तापमान बदलले नाही तर' ही अट किती महत्त्वाची आहे, ते पिवळ्या प्रकाशाच्या जुन्या बल्बवर दिसते. दुचाकीचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा छोटा बल्ब घ्यावा. हिशेबाने त्याचा रोध १४४ ÷ ५ = २८.८ ओहम. पण न पेटवता मीटरने मोजला, तर तो जेमतेम अडीच-तीन ओहम भरतो. मीटर खराब नाही आणि सूत्रही चुकलेले नाही. आतली टंगस्टनची तार पेटताना दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिचा रोध जवळपास दहापट वाढतो. अडॅप्टरवर तो पेटवून, चालू स्थितीत दाब आणि धारा मोजून भागाकार करावा, म्हणजे २८-२९ ओहमच्या आसपास आकडा येतो. इस्त्री, गिझर, पाणी तापवण्याची कांडी यांत मात्र नायक्रोमची तार असते आणि तिचा रोध तापल्यावरही थोडाच बदलतो, म्हणून त्यांच्यासाठी पट्टीवरचा हिशेब सरळ चालतो.

पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर यांच्यासाठी दाब ÷ धारा करून येणाऱ्या आकड्याला रोध म्हणू नये. त्यांच्या गुंडाळ्यांमुळे धारा दाबाच्या मागे पडते, त्यामुळे दाब × धारा हा गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा मोठा येतो आणि त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे एकापेक्षा लहान असलेल्या एका आकड्याने, गुणावे लागते. नवशिक्याने आपला हिशेब तापणाऱ्या वस्तूंपुरता ठेवावा.

तारेला हात न लावता घरच्या विजेची मोजणी

शेवटचा प्रयोग मला सर्वांत आवडतो, कारण त्यात मल्टिमीटरही लागत नाही. घराबाहेरच्या इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरच्या पाटीवर छापलेले असते; आपण तो आकडा ३२०० धरू. एक युनिट म्हणजे १००० वॅटची शक्ती तासभर, म्हणजे ३६ लाख ज्यूल ऊर्जा. तिला ३२०० ने भागले, की एका लुकलुकीमागे ११२५ ज्यूल येतात. म्हणून

शक्ती = ११२५ × लुकलुकींची संख्या ÷ सेकंद

हिवाळ्यातील सकाळी १५०० वॅटची कांडी भरलेल्या बादलीत पाण्यात बुडवून मगच स्विच लावावा, आणि कांडी चालू असताना पाण्यात बोट घालू नये. कांडीच का, तर इस्त्रीतला थर्मोस्टॅट मध्येच वीज तोडतो आणि मोजणी बिघडते. घरातील फ्रिजसकट इतर सर्व वस्तू बंद कराव्यात, एकाने मोबाइलवर वेळ लावावी आणि दुसऱ्याने लुकलुकी मोजाव्यात. समजा, ४० लुकलुकींना ३३ सेकंद लागले, तर शक्ती ११२५ × ४० ÷ ३३ = १३६४ वॅट. पट्टीवर १५०० असताना १३६४ का, याचे उत्तर पट्टीवरच आहे : तेथील १५०० वॅट २३० व्होल्टसाठी आहेत. कांडीचा रोध २३० × २३० ÷ १५०० = ३५.३ ओहम. तो फारसा बदलत नसल्याने घरातील दाबाचा वर्ग १३६४ × ३५.३ = ४८,१४९, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे २१९ व्होल्ट. कांडीच्या छापील वॅटमध्ये कारखान्यातूनच काही टक्क्यांचा फरक असू शकतो, म्हणून हा आकडा अंदाजाचा धरावा. पण तीच कांडी आणि तीच रीत ठेवून सकाळी सात वाजता, दुपारी आणि रात्री नऊ वाजता मोजणी केली, तर त्या तीन आकड्यांमधील फरक खरा असतो, आणि गल्लीत सगळ्यांचे गिझर एकदम सुरू होतात तेव्हा आपल्या घरापर्यंत दाब किती उतरून येतो, ते वहीत लिहून ठेवता येते.